मुंबईत छोटी रूम घेताय? रेट सोडा, आधी महिन्याचा आकडा काढा

कोकणात घरटी एक तरी माणूस मुंबईला असतो, आणि गणपतीला गावी आला की आरत्या-बिरत्या आटपल्यावर पडवीत विषय निघतोच. रूम बघतोय, विरारला बघितली, पनवेलला बघितली, रेट काय सांगतायत माहितीय का. मग सगळी चर्चा त्या रेटवरच अडकते, अमक्याला चाळीसला पडली आणि तमक्याला पंचावन्नला. मी रत्नागिरीत बँकेत होमलोनच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, त्यामुळे सांगतो, किंमत लोक कशीतरी जमवतात. दागिने मोडतात, सोसायटीतून कर्ज काढतात, मामाकडून हातउसने घेतात, पण जमवतात. अडकतात ते नंतर दर महिन्याला जे जातं त्यात. आणि घर जितकं छोटं तितकं हे जास्त लागतं, कारण छोटं घर घेणाऱ्याचा पगार बेताचाच असतो आणि सगळे खर्च काही घराबरोबर छोटे होत नाहीत. म्हणून खाली जे लिहिलंय ते सगळं त्या एका महिन्याच्या आकड्यासाठी आहे.

आधी बघा, चाळीतली खोली आपली आहे का

नवीन घर शोधायच्या आधी हे काम. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड, या भागात आपल्या कितीतरी लोकांची खोली आजही आहे. आजोबा गिरणीत होते, १९८२ चा संप झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होरपळले, बरेच गावी परत आले, पण खोली कुणी ना कुणी धरून ठेवली. भाडं जुन्या भाडे कायद्याने गोठलेलं, त्यामुळे धरून ठेवणं परवडलं. बाहेर मात्र सगळं पालटलं. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि हा वाटा फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता राहिला, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला, आणि मग मॉल, ऑफिसं, टॉवर यांचा जो सपाटा लागला तो आपण बघतोच आहे. म्हणजे खोलीचं भाडं तेच, पण खोलीखालच्या जमिनीचा भाव आभाळाला. म्हणून बिल्डर दारात येतो.

आता तपासायचं काय. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा वारलेत तर पावती नावावर करून घ्यायचं काम आजच सुरू करा, बिल्डर आल्यावर नाही, कारण तेव्हा चार चुलत भाऊ उभे राहतात ज्यांनी कधी लाईट बिल भरलं नव्हतं. लाईट बिल, रेशन कार्ड, मतदार यादी, जुन्या पावत्या, जे मिळेल ते एका फाईलीत लावा.

आणि गावकीची खोली हा तर वेगळाच विषय आहे. जुन्या काळी अख्ख्या गावाने वर्गणी काढून एक खोली घेतलेली, गावचा पोरगा मुंबईला आला की तिथे पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं. आता त्या खोलीला पुनर्विकासात घर मिळणार म्हटल्यावर पावतीवर ज्या एका माणसाचं नाव होतं त्याची मुलं म्हणतात आमची, आणि गाव म्हणतं आमची. तुमच्या गावाची अशी खोली असेल तर मंडळाचं रजिस्ट्रेशन, वर्गणीची जुनी वही, सभेची इतिवृत्तं आत्ता शोधा. त्या वहीला आज जेवढी किंमत आहे तेवढी कधी नव्हती.

फुकट घर आणि त्याचा मेंटेनन्स

पुनर्विकासात मोठं घर फुकट मिळतं हे खरंच आहे. वरळीच्या सरकारी बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्येक चाळ बीडीडी नसते. खासगी मालकाच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत तुम्हाला काय मिळणार हे करारावर ठरतं, आणि लोक फक्त किती फूट एवढंच विचारतात.

विचारायचं ते हे. घर होईपर्यंत भाडं किती देणार, किती महिन्यांचं आगाऊ, आणि काम रखडलं तर? कॉर्पस, म्हणजे मेंटेनन्ससाठी बिल्डर देतो ती एकरकमी ठेव, किती? मेंटेनन्स अंदाजे किती येणार? पर्यायी जागेचा करार रजिस्टर करून देणार ना? साध्या स्टँप पेपरवरच्या लेखी आश्वासनावर खोली खाली करू नका, मग तो बिल्डर कितीही देवमाणूस असो.

कॉर्पसचा हिशोब करून दाखवतो. समजा घरामागे ५ लाख मिळाले, साडेसहा टक्क्याने ठेवले, तर वर्षाचं व्याज ३२,५०० म्हणजे महिन्याला साधारण २,७००. मेंटेनन्स आला ६,०००. म्हणजे खिशातून ३,३०० दर महिन्याला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर दीडदोनशे रुपये भाडं भरलं, आता पेन्शन नाही की काही नाही, त्याने ते कुठून आणायचे? मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, व्याज तेवढंच राहतं. खाली किराणावाला जाऊन तिथे कॉफीचं दुकान येतं, खानावळ बंद होते, मासळीवाली दोन गल्ल्या लांब जाते. मग दोनतीन वर्षांत घर विकून विरार. त्याला कुणी हाकललेलं नसतं, सही त्याची स्वतःचीच असते. म्हणून बोलणी चालू असतानाच चार फूट कमी घ्या पण कॉर्पस जास्त मागा असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये लोक नेमकं उलटं करतात.

जाता जाता, पागडीची रूम, म्हणजे मोठी रक्कम आगाऊ देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली, विकत घ्यायचा विचार असेल तर बँका सहसा त्यावर होमलोन देत नाहीत, पागडी हस्तांतर करताना मालक आपला हिस्सा घेतो, आणि एवढं करून तुम्ही भाडेकरूच राहता. रोख पैसे असतील आणि इमारतीचा पुनर्विकास कागदावर खरंच पुढे सरकला असेल तरच बघा.

गावच्या जमिनीचे पैसे धरू नका

खोली-बिली काही नाही, विकतच घ्यायचंय, तर हातात किती आहेत ते बघू. इथे आपल्या लोकांची ठरलेली गफलत, "दोन एकर आहे गावाला, ती काढली की झालं." सातबारा काढून बघा आधी. सामाईक असणार, इतर हक्कात आत्या असणार, दोन नावं मयत असणार. वारस नोंद, फेरफार, सगळ्यांच्या सह्या, त्यातला एक सुरतला आणि एक बोलत नाही. जमीन कुळकायद्यात मिळालेली असेल तर सरकारी कागदांचा आणखी एक फेरा. बिल्डरचा हप्ता तोपर्यंत थांबत नाही. म्हणून जमिनीचे पैसे खात्यात पडेपर्यंत ते नाहीतच असं समजून चाला.

आणि सगळी विकू नका. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. नावावरचा शेवटचा गुंठा गेला की पुढे कधी चार कलमं लावायला जागा घ्यावीशी वाटली तर अडतं. दापोली, गुहागर, अलिबागकडे बाहेरची माणसं कुठून कुठून दाखले आणून जागा घेतायत आणि आपण विरारच्या वन आरकेसाठी फुकून टाकतोय, हे माझ्या तरी डोक्यात बसत नाही. असो.

आता खरा हिशोब

समजा पनवेल किंवा विरार पट्ट्यात बांधकाम चालू असलेला छोटा वन बीएचके, करारात किंमत ४० लाख. (आकडे उदाहरणाचे, तुमचे टाकून बघा.)

बँक किती देते? रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ७५ टक्के. म्हणजे इथे जास्तीत जास्त ३२ लाख. स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन त्या किमतीत धरत नाहीत, ते रोख तुमचं.

तर स्वतःचे ८ लाख. स्टँप ड्युटी मुंबईत ६ टक्के आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बहुतेक ठिकाणी ७, आपण ७ धरू, २ लाख ८० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणजे ३० हजार. जीएसटी, किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) ६० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, ४० हजार, नाहीतर ५ टक्के. ओसी, म्हणजे इमारतीत राहायला महापालिकेने दिलेला दाखला, आलेल्या घराला जीएसटी नाही. झाले साडेअकरा लाख. त्यावर वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, बिल्डरचे सोसायटी चार्जेस आणि आगाऊ मेंटेनन्स, आणि मग पंखे, ग्रील, ट्रॉली. तेरा-साडेतेरा लाख रोख लागणार असं धरा. जो माणूस "वीस टक्के माझे आहेत" म्हणून येतो त्याच्याकडे ८ असतात, वरच्या पाचासाठी तो मग पर्सनल लोन काढतो आणि तिथून त्याचं गणित बिघडायला लागतं.

घर फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलंत तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट आहे, इथे ४० हजार वाचले. नवऱ्याचं नाव मालक म्हणून लागलं की सूट गेली, कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो. हे ऐकून काही नवरे टेबलासमोर जे चेहरे करायचे ना.

आता महिन्याचं. साडेआठ टक्के, वीस वर्षं, लाखाला ८६८ रुपये हप्ता, म्हणजे ३२ लाखांना साधारण २७,८००. वीस वर्षांत ६६ लाखांच्या वर जातात, ते बघून घाबरू नका पण माहीत असू दे. दर साडेनऊ झाला तर हाच हप्ता साधारण २९,८००. मेंटेनन्स धरा २,५००. मालमत्ता कर महिन्याला चारशे-पाचशे, मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे, विरारला तो हिशोब लावू नका. दोघं कामाला जात असतील तर दोन पास. आणि शेअर रिक्षा, हा खर्च कुणी म्हणजे कुणी धरत नाही. जाहिरातीत स्टेशनपासून दहा मिनिटं लिहिलेलं असतं, ती दहा मिनिटं रिक्षाची असतात आणि तीही पहाटे चारची. वीस रुपये सीट, जाऊन येऊन चाळीस, पंचवीस दिवस, माणशी हजार, दोघांचे दोन हजार. सगळं मिळून चौतीस-पस्तीस हजार. हाच तो आकडा. हातात साठ हजार येत असतील तर बँक हो म्हणेल, बँक हप्ता बघते, तुमच्या पोराची फी आणि गावच्या आईचं औषध बघत नाही.

बांधकाम चालू असताना आणखी एक पीडा. समजा निम्मं कर्ज उचललं, १६ लाख, त्याचं नुसतं व्याजच महिन्याला ११,३०० च्या आसपास, आणि तुम्ही राहताय भाड्याने, त्याचे १२ हजार वेगळे. ताबा उशिरा म्हणजे हे डबल चालू. रेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात, उशिराबद्दल व्याज किंवा पैसे परत मागायचा हक्क आहे, पण हातात पडेपर्यंत वेळ जातो. त्यामुळे बेताच्या पगारवाल्याने दोनतीन लाख जास्त गेले तरी ओसी असलेलं घर बघावं, हे माझं मत.

छोटं घर मोठ्या टॉवरमध्ये घेऊ नका

हे फार कमी लोकांना माहीत असतं. महाराष्ट्रातल्या हाऊसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाईट, ऑफिसचा खर्च, हे प्रत्येक फ्लॅटला सारखं वाटलं जातं. लिफ्टचंही तसंच. फुटावर नाही. दुरुस्ती आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामासाठीची शिल्लक) बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर असतात, ते छोट्या घराला कमी पडतात, पण रोजचा मोठा खर्च सारखा. म्हणजे वरच्या मजल्यावरचा थ्री बीएचकेवाला आणि तुम्ही वन आरकेवाले, वॉचमनचे पैसे तेवढेच भरणार. त्यांनी मीटिंगमध्ये बहुमताने भारीतली सिक्युरिटी एजन्सी आणली की तुमचेही पैसे वाढले. सगळे फ्लॅट लहान असलेली, चारपाच मजल्यांची, जिम-पूल नसलेली साधी बिल्डिंग बघा. रिसेल असेल तर मालकाकडून मेंटेनन्सचं शेवटचं बिल मागा आणि उलटून मागची थकबाकी बघा. हस्तांतर फी सोसायटीला २५,००० च्या वर घेता येत नाही, डोनेशनच्या नावाखाली लाख मागितले तर नियम दाखवा.

टेप घेऊन जा

रेरामुळे विक्री कार्पेटवरच व्हायला हवी, तरी तोंडी अजून सुपर बिल्टअपच (जिना-लिफ्टचा वाटा धरून फुगवलेला आकडा) चालतं. "सहाशेचा आहे" म्हणतात आणि कार्पेट निघतं चारशे. करारात चौरस मीटर असतात, १०.७६ ने गुणा म्हणजे फूट निघतील. रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. मोठ्या घरात हे जाणवत नाही, अडीचशे फुटांच्या वन आरकेत मात्र आतल्या भिंतीत दहाबारा फूट गेले की कपाट कुठे ठेवायचं हा प्रश्न येतो. दिवाण साडेसहा फुटांचा असतो. तो ठेवल्यावर दार पूर्ण उघडतं का, ओट्यासमोर बाई उभी असताना मागून माणूस जाऊ शकतो का, गॅलरीत वॉशिंग मशीनचा नळ आहे का, हे सँपल फ्लॅटमध्ये कळत नाही कारण तिथला पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असू शकतो. टेप लावा, लाजू नका.

वस्ती बघायला रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा. लोकलमधून उतरून घरापर्यंत एकदा चालत जा. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर, फास्टला सव्वा-दीड तास, आणि ते रोज दोनदा. पाणी किती वेळ येतं ते बिल्डरला नाही, खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा, टँकर येतो की नाही ते तो सांगेल. विमानतळ झाला, मेट्रो येणार, अटल सेतू झाला, हे सगळं तुम्हाला सांगितलेल्या रेटमध्ये आधीच घातलेलं असतं. आपल्याला गावी जायला मात्र पनवेल बरं, कोकण रेल्वे आणि एसटी दोन्ही तिथून, सणासुदीला ठाणे-दादरची गर्दी टळते, हा मुद्दा कोकणी माणसाने हिशोबात धरायला हरकत नाही.

कागद

महारेराच्या साईटवर प्रकल्पाचा नंबर टाका, ताबा तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते बघा. पण नुसत्या रेरा नंबरवर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ बेकायदा इमारती खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून रेरात नोंद झाल्या होत्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले, आणि त्यात राहणारी माणसं आपल्यासारखीच कर्ज काढून आलेली. म्हणून बांधकाम परवानगीची प्रत घेऊन त्याच महापालिकेच्या नगररचना विभागात ती खरी आहे का हे विचारायचं. रिसेलला ओसी बघा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा) ऑनलाईन काढा, वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च घ्या. राष्ट्रीयीकृत बँक त्या बिल्डिंगला कर्ज द्यायला तयार नसेल तर एजंटने "आमची फायनान्स कंपनी करून देते" म्हटलं की तिथून उठा.

करार रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. टोकन चेकने द्या, रोख मागत असतील तर का ते विचारा. स्टिल्ट (इमारतीखालचं) किंवा मोकळं पार्किंग विकता येत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, तरी यादीत पार्किंगचे लाख असतातच. गाडी नसेल तर आधी तेवढं उडवा. रिसेल ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो.

म्हाडा आणि भाडं

म्हाडाच्या कोकण मंडळाची लॉटरी म्हणजे रत्नागिरीत घर असं समजू नका, घरं जास्त करून विरार, कल्याण, ठाणे बाजूची असतात. मुंबई महानगर क्षेत्रात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम. डोमिसाईल आणि उत्पन्नाचे कागद आधीच काढून ठेवा, लॉटरी लागल्यावर तहसीलला धावायचं नाही. न विकली गेलेली घरं प्रथम येणाऱ्यालाही देतात, तिकडे लक्ष ठेवा. पाच वर्षं विकता येत नाही, म्हणजे राहायलाच घ्या.

आणि भाड्याने राहणं म्हणजे पैसे पाण्यात हे डोक्यातून काढा. मुंबईत घराचं वर्षाचं भाडं साधारण किमतीच्या तीन-चार टक्के पडतं आणि कर्ज वरच्या उदाहरणात साडेआठ टक्क्याने. पोरगा नवीन नोकरीला लागलाय, ऑफिस कुठे जाईल नक्की नाही, तर चार वर्षं भाड्याने राहून फरक दर महिन्याला आरडीत टाकलेला बरा. अकरा महिन्यांचा करार मात्र रजिस्टरच करा, ऑनलाईन होतो, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत हे त्यात लिहून घ्या.

ताबा मिळाल्यावर

चावी मिळाली की लोक सत्यनारायण घालतात आणि फाईल माळ्यावर टाकतात. मालमत्ता करावर नाव, लाईट मीटरवर नाव, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ही तीन कामं पहिल्या सहा महिन्यांत करून टाका. छपराला गळती, भिंतीला तडा असं काही निघालं तर बिल्डरला लेखी कळवा, ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी रेराने त्याच्यावर टाकलीय, पण तोंडी सांगितलेलं कुठेच धरत नाहीत. सोसायटीत नॉमिनेशन भरा आणि मृत्युपत्रही करा, कारण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा एवढंच त्यातून ठरतं. त्या अडीचशे फुटांसाठी पुढे गावच्या सातबाऱ्यासारख्या पंधरा सह्या लागू नयेत असं वाटत असेल तर मृत्युपत्र रजिस्टर करून घ्या, खर्च अगदी किरकोळ येतो, साक्षीदार दोन लागतात आणि ते शक्यतो तुमच्यापेक्षा वयाने लहान बघा.